सगळ्यांना हो

साबणाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत वहिनी बसायची. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी. पण तो तिचा धाकटा दीर याच कारखान्यात फिटर, आणि आवाज असा खणखणीत की त्याने खालच्या शेडमधून एकदा ‘वहिनी!’ अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून मॅनेजरसाहेब सोडून सगळ्यांचीच ती वहिनी झाली.

तिचं काम पडद्यावरचं. खाली जेवढे म्हणून पंप, व्हॉल्व्ह आणि मोटारी, त्या प्रत्येकाचं एकेक चिमुकलं चित्र तिच्या कॉम्प्युटरवर होतं. प्रत्येकाला एक लेबल, म्हणजे हा कुठल्या गटातला ते. गटाला एकदा हुकूम दिला की त्यातले सगळे ऐकतात. आधीच्या लोकांनी मात्र मनाला येईल तशी लेबलं लावून ठेवली होती: ‘इकडचे’, ‘तिकडचे’, ‘नंतर बघू’. एका पंपाला तर चक्क ‘कटकट्या’. वहिनीच्या डोळ्यांत ते खुपायचं. नवा प्रोग्राम आला तसा तिने पदर खोचला.

त्या दिवशी सकाळी भाऊजी दारात डोकावले.

“वहिनी, आज मी कोपऱ्यातल्या टाकीत. आतून तडा गेलाय, तो सांधायचाय. बाहेर नाही आलो तर माझ्या नावाने साबण काढा.”

“तुमच्या नावाच्या साबणाला फेस तरी येईल का?”

“का नाही येणार? आईला विचारा. जन्मल्यापासून तिच्या तोंडाला फेस आणतोय मी.”

“पुरे. मास्क लावा आणि जा. देव सांभाळो.”

“देव सांभाळतोच हो, तुम्ही डबा सांभाळा,” असं म्हणून डबा तिच्या टेबलावर ठेवून स्वारी जिना उतरली.

या टाक्या म्हणजे दोन माणसांच्या उंचीच्या. मध्ये उभा दांडा, दांड्याला आडवी पाती. ती फिरली की साबण ढवळला जातो. टाकीत कुणी उतरणार असेल तर मोटारीच्या खटक्याला कुलूप घालायचं आणि किल्ली उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची, ही जुनी पद्धत. पण कोपऱ्यातल्या टाकीचा खटका गंजून निकामी झाला होता आणि नवा अजून यायचा होता. तोवर खालच्या कंट्रोल रूममधले मामा त्या टाकीच्या मोटारीला पडद्यावर एक लेबल लावायचे: ‘माणूस आत’. ते लेबल असलेल्या मोटारीला प्रोग्राम हात लावत नसे. मामांनी ते सकाळीच लावलं होतं. वहिनीला हे माहीत नव्हतं असं नाही.

तिने सगळ्या टाक्यांच्या मोटारी एका झटक्यात निवडल्या आणि त्यांना नवं, नेटकं लेबल दिलं: ‘ढवळणी’. प्रोग्रामने विचारलं, आधीचं लेबल काढून हे लावायचं का? नव्या प्रोग्राममध्ये एकाला एकच लेबल चालायचं. एकेकाला हो म्हणत बसायचं कुणी? खाली दुसरं बटण होतं, ‘सगळ्यांना हो’. वहिनीने ते दाबलं. घर झाडून काढल्यावर वाटतं ना, तसं तिला हलकं हलकं वाटलं.

मग राहिली रिकामी लेबलं. प्रोग्राम एकेक पुढे करत होता. ‘इकडचे’: याखाली काही नाही, काढून टाकायचं? हो. ‘कटकट्या’: याखाली काही नाही, काढून टाकायचं? वहिनी हसली. हो.

‘माणूस आत’: याखाली काही नाही, काढून टाकायचं?

तिचं बोट ‘हो’वर गेलंसुद्धा. मनात आलं, चला, भाऊजी बाहेर आले वाटतं. आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. डबा तसाच होता.

ते लेबल मामांनी काढलं नव्हतं. ते तिने काढलं होतं.

खाली भोंगा वाजला. दुपारची बॅच सुरू झाली होती.

तिने ‘माणूस आत’ पुन्हा लावायला घेतलं. पडद्यावर लाल पट्टी उमटली: बॅच चालू असताना बदल करता येणार नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिने फोन उचलला. कंट्रोल रूममध्ये घंटी वाजत राहिली. मामा बॅच सुरू करून नेहमीप्रमाणे बॉयलरचा काटा बघायला गेले असणार. पडद्यावर दाराकडची पहिली मोटार हिरवी झाली. मग तिच्या शेजारची. एकीने वेग घेतला की पुढची, अशी ओळ कोपऱ्याकडे चालली होती.

फोन तसाच लोंबकळत सोडून वहिनी पळाली.

जिन्यावर एक चप्पल निसटली. ‘देवा, देवा,’ एवढंच तोंडातून निघत होतं. पुढचं मागणंही सुचेना. शेडमध्ये आवाज भरून राहिला होता. त्या आवाजात ती ओरडली तरी तिचं तिला ऐकू येईना. खांबावर लाल बटण होतं. ते दाबलं की सगळा कारखाना जागच्या जागी थांबतो, पाइपांत साबण थिजतो आणि तो खरवडून काढताना सगळ्यांचं कंबरडं मोडतं. म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. त्याच्यावर साबणाची पुटं चढली होती. वहिनीने दाबलं, ते हललं नाही. मग तिने हाताची मूठ केली आणि सगळं अंग टाकून त्याच्यावर आपटली.

एकेक आवाज मावळत गेला. फक्त कोपऱ्यातल्या टाकीवरचा हवेचा छोटा पंखा घुं घुं करत राहिला. तो वेगळ्या प्लगवर होता.

त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली. टाकीवर जाणाऱ्या शिडीपाशी येऊन ती उभी राहिली आणि पाय उचलेना. वर गेलं की काय ते कळणार होतं. न गेलं तर निदान अजून काही कळलेलं नसेल. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिने तो ढकलून दिला. एकेक पायरी धरत ती चढली आणि झाकणाच्या भोकातून आत वाकली.

“भाऊजी?”

आत उजेड होता, पण भलत्याच जागी. टाकीच्या कडेला टांगलेला दिवा दांड्यापाशी गेला होता. त्याची वायर दांड्याला वेढे घालून ताणली होती. म्हणजे पाती फिरली होती.

“भाऊजी! अहो, बोला काहीतरी!”

तळातून, पात्याच्या खालून आवाज आला. तो खणखणीत आवाज नव्हताच.

“वहिनी... हे फिरलं.”

“लागलं का? कुठे लागलं?”

“नाही. मी खाली बसून घासत होतो. डोक्यावरून गेलं. उभा असतो तर...”

“उभे राहू नका! थांबा. नाही, या. वर या. सगळं बंद आहे, मी बंद केलंय, या!”

भाऊजी वर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. झाकणाशी बसले, मास्क काढला आणि हातांकडे बघत राहिले, जणू ते मोजायचे राहिले होते. तोवर मामा धापा टाकत आले, मागोमाग मॅनेजरसाहेब.

“मी लेबल लावलं होतं,” मामा म्हणाले. “आईशप्पथ सांगतो, लावलं होतं.”

“लावलं होतं तुम्ही,” वहिनी म्हणाली. “मी काढलं. सगळ्यांना एकच लेबल दिलं, त्यात तेही गेलं. मी बघितलंच नाही.”

भाऊजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“घरी सांगू नका,” ते म्हणाले. “आई मरेल.”

“सांगणार. मीच सांगणार.”

मॅनेजरसाहेबांनी घसा खाकरला. “बरं झालं, वेळ निभावली. आता लेबल परत लावा, आतला दिवा आणि हत्यारं बाहेर काढा. पाइपांत साबण थिजतोय.”

“लेबल लावते मी,” वहिनी म्हणाली. “पण लेबलाच्या भरवशावर आता कुणी उतरणार नाही. मोटारीच्या वायरी सोडा. सोडलेली टोकं मला डोळ्यांनी दिसली पाहिजेत.”

साहेब काही म्हणणार होते, पण मामांनी पान्हा उचललासुद्धा. शेडचा मुख्य स्विच बंद करून त्यांनी मोटारीच्या वायरी सोडल्या आणि टोकं बाहेर ओढून ठेवली. मग भाऊजी उठले, आतल्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि लगेच मागे घेतला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

“मास्क द्या इकडे,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, वेडेपणा करू नका. तुम्ही कधी उतरलाय का?”

“नाही.”

मामांनी तिच्या कमरेला दोर बांधला. परत फिरावं असं प्रत्येक पायरीला वाटत होतं. खाली पाय टेकले तेव्हा साबणाच्या थरावरून ते घसरले आणि तिने तोल सावरायला हाताला येईल ते धरलं. ते पातं होतं. थंड, बुळबुळीत, हातभर रुंद. पडद्यावर ते एक वाटोळं होतं, तिळाएवढं.

ती खाली बसली, भाऊजी जसे बसले असतील तशी. डोक्यावर वीतभर जागा होती.

“वहिनी!” वरून हाक आली. भोकाच्या उजेडात भाऊजींचं डोकं होतं, आणि मोटारीच्या वायरींची सोडलेली टोकं त्यांनी मुठीत धरून तिला दिसतील अशी वर धरली होती. “मी धरलंय. घाबरू नका.”

“घाबरलेय,” ती म्हणाली. “सोडू नका.”

आणि दांड्याला पडलेला दिव्याच्या वायरीचा पहिला वेढा तिने उलगडायला घेतला.