खाऱ्या पाण्यातले नातेवाईक

सकाळी एलियाहकाकांनी टाकीचा दिवा लावला, तेव्हा सगळे नातेवाईक मेलेले होते.

नातेवाईक म्हणजे मासे. रोह्याजवळच्या वरशातल्या दोन खोल्यांत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी ठेवायची हौस साराकाकूची. रोह्यातली यहुदी घरं एकेक करून इस्रायलला गेली, काकूची भावंडंही गेली, तेव्हा ती पेणला रामवाडीत जाऊन मासे घेऊन आली आणि प्रत्येकाला गेलेल्या माणसाचं नाव देऊन मोकळी झाली. नारिंगी पट्ट्यांची ती धाकटी बहीण एस्थर. तोंड फुगवून फिरणारा निळा तो भाऊ सामाजी. "काय गो एस्थर, येते का आठवण बहिणीची?" असं काकू खाणं टाकताना रोज विचारायची. मासे उत्तर देत नसत. त्या बाबतीतही ते नातेवाइकांसारखेच होते.

काकू गेली गेल्या दिवाळीच्या सुमारास. त्यांच्या यहुदी लोकांत घरात मरण झालं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात. शेजारच्या इंदुबाईंनी हंडे-कळशा रिकाम्या केल्या, पिण्याच्या पाण्याचा फिल्टरही उपडा केला आणि टाकीपाशी येऊन थबकल्या.

"काका, ह्याचं काय?"

"ते पिण्याचं नाय, समुद्राचं हाय," काका म्हणाले. "समुद्र कुणी ओततं का?"

मुद्दा धर्मात बसतो की नाही, हे सांगणारं जाणतं माणूस रोह्यात उरलं नव्हतं. त्यामुळे तो बसला. तेव्हापासून टाकीतल्या एस्थरला आठवणीचं काका विचारू लागले, अगदी काकूच्याच शब्दांत. काकूचं तेवढं एक वाक्य घरात चालू राहिलं होतं.

आज ते कुणाला विचारायचं?

वरच्या मजल्यावरचा प्रवीण केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तो बाटलीत टाकीचं पाणी घेऊन शिफ्टला गेला आणि दुपारी परत आला. "काका, खारटपणा बरोबर, अमोनिया नाय. सगळं नॉर्मल हाय."

"मग मेले कशाने?"

"रिपोर्टप्रमाणे मरायला नको होते."

काकूचे रिपोर्टही नॉर्मलच होते. डॉक्टरांनी ते नीट फायलीला लावून दिले होते.

पेणचा दुकानदार हितेश फोनवर म्हणाला, "लाईट गेली असेल." लाईट गेली नव्हती. "मग तुम्हीच जास्त खायला घातलं असेल," असं म्हणून त्याने नवीन जोडीचा भाव सांगितला. इंदुबाई म्हणाल्या, "नजर लागली हो, काका."

"कुणाची? येतं कोण इथे?"

इंदुबाईंनी कुदळ आणली. मग त्यांनीच मागच्या तगरीखाली खड्डा खणून दिला. काकांनी मासे पांढऱ्या रुमालात गुंडाळून पुरले. घरी येऊन पंप बंद केला. एवढी वर्षं तो घुरघुरत होता, हे तो थांबल्यावर कळलं. मग त्यांनी बादली घेतली.

"तुळशीत नका हां ओतू!" इंदुबाई दारातून ओरडल्या. "जळेल ती!"

तुळशीत नाही. समुद्र मोरीतून गेला, गुळगुळ आवाज करत, बादली-बादलीने. शेवटचं पाणी काकांनी फडक्याने टिपून घेतलं.

संध्याकाळी एस्थरचा व्हिडिओ कॉल आला. ही खरी, इस्रायलमधली. "भावोजी, चेहरा असा का? माझी मासोळी दाखवा बघू."

काकांनी फोन टाकीकडे फिरवला. काच कोरडी होती. तळाला वाळू आणि एक शिंपला.

"पाणी कुठाय?"

"ओतलं."

माणसं तिथे गेली तरी रीत विसरली नव्हती. एस्थरने डोक्यावर ओढणी घेतली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

काकांनी 'मासे' म्हणायला तोंड उघडलं.

"सारा," ते म्हणाले.

वर्ष होत आलं होतं, आणि एस्थरला ते ठाऊक होतं. तरी तिने "कधी?" असं विचारलं, आणि काका पहिल्यापासून सांगू लागले.