दोन इंच कमी

“किती आलं?”

उशीला टेकून बसलेल्या बायकोने डोळे मिटूनच विचारलं. तिच्या बोटाच्या टोकावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब अजून ओला होता. मास्तरांनी साखर मोजायचं यंत्र खिडकीच्या उजेडाकडे धरलं. पडद्यावर आकडा होता दोनशे एकाहत्तर.

“एकशे अठ्ठावीस,” मास्तर म्हणाले.

“अगंबाई! कालच्यापेक्षा दोनाने कमी.” तिने बोटावर कापूस दाबला. “म्हणजे लागली म्हणायची गाडी रुळावर.”

“तर काय!”

मास्तरांनी यंत्र डबीत ठेवलं. आठ महिन्यांत असं सांगायची सवय झाली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचा आकडा तिला धुरकट ठिपक्यासारखा दिसे. म्हणून मोजायचं मास्तरांनी, वाचायचंही मास्तरांनीच.

मास्तर म्हणजे शिंपी. घर दुसऱ्या मजल्यावर आणि दुकान त्याच जिन्याच्या पायथ्याशी. चाळीस वर्षं माणसांची मापं घेऊन एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. माणसाला कपडा नेमका हवा असतो, पण आकडा नेमका नको असतो. पुरुषांचं तरी सोपं. पुरुष स्वतःच पोटावर थाप मारून म्हणायचा, “मास्तर, सोडा दोन इंच, खाल्ल्याप्याल्याचं दिसायला नको का?” बायका मात्र टेप कंबरेभोवती गेला की श्वास आत ओढायच्या आणि हळूच विचारायच्या, “वाढली का हो?”

“छे! आहे तेवढीच.”

तोंडाने बत्तीस म्हणायचं आणि कापड चौतिसाचं कापायचं. कपडा अंगाला छान बसे, बाई आरशात स्वतःवर खूश होऊन घरी जाई. कुणाचं काही बिघडत नसे.

बायकोची साखर पहिल्यांदा घरी मोजली तेव्हा मास्तरांनी खरा आकडा सांगितला होता. दोनशे चाळीस. ती दोन दिवस जेवली नाही. पाय मांडीवर घेऊन बोटं निरखत बसली. तिच्या आईला साखरेनेच नेलं होतं. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि शेवटी सगळीच. “आईला मी तुकड्यातुकड्यांनी जाताना पाहिलंय हो,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी यंत्रात दोनशे छत्तीस आलं. मास्तर “एकशे छत्तीस” म्हणाले आणि ती पोटभर जेवली. काळजीनेसुद्धा साखर वाढते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हा काळजी कमी करणं हेही औषधच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारत, “घरी किती असते?” ती अभिमानाने सांगे, “एकशे तीसच्या आत-बाहेर.” डॉक्टर मान डोलावत आणि तीच एक गोळी पुढे चालू ठेवत. मागच्या खेपेला त्यांनी रक्त तपासून आणायची चिठ्ठी दिली होती. मास्तरांनी तिची घडी घालून खिशात ठेवली. “एवढी चांगली येतेय घरी, कशाला उगाच सुया टोचून घ्यायच्या?” ते म्हणाले. तिलाही ते पटलं. नवऱ्याचं कुणाला पटत नाही?

त्या दिवशी दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात उतरली, तेव्हा शेजारच्या शिक्षिकाबाई कोटाचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच.

“वहिनी, हे काय? उतरताना एवढी धाप?”

“काही नाही हो. बांधणाऱ्याने रातोरात पायऱ्या वाढवल्यात वाटतं.” बायको हसली आणि खुर्चीवर बसली. कपाळ घामाने डबडबलं होतं. “सकाळपासून दाढ ठणकतेय मेली. पाठही भरून आलीय.”

“साखर पाहिली का?”

“एकशे अठ्ठावीस! तुमच्यापेक्षा चांगली आहे.”

“मग बरंय. मग दाढच असणार.” शिक्षिकाबाई निर्धास्त झाल्या.

मास्तरांच्या हातातला टेप बाईंच्या खांद्यावर तसाच थांबला. आता बोललं पाहिजे, असं त्यांना वाटलं. पण बायको इतक्या खात्रीने बोलली होती, आणि तेही चारचौघांत. तिला खोटं कसं पाडायचं?

“दाढेची गोळी आणतो संध्याकाळी,” ते म्हणाले आणि खांद्याचं माप लिहून घेतलं.

चार वाजता ते वर गेले तेव्हा ती मोरीजवळ भिंतीला टेकून बसली होती. ओकारी झाली होती. चेहरा राखेसारखा. “दाढ नाही हो ही,” ती पुटपुटली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. ती त्यांनी उघडली, पण फार उशिरा.

“छातीत कळ आली नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही. दाढ दुखतेय म्हणाली.”

“बायकांचं पुष्कळदा असंच होतं, काका. तसं पुरुषालाही होऊ शकतं, पण तो बहुतेक छाती धरून बसतो, मग घरचे त्याला उचलून आणतात. बाई म्हणते दमले, पाठ भरली, मळमळतंय, आणि पुन्हा कामाला लागते. त्यात साखर चढलेली असली तर कळ कधीकधी जाणवतच नाही.” त्या सावकाश, समजावून सांगत होत्या. “साखर फार दिवस जास्त राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. मग तिथे चरबी चिकटते, वाट अरुंद होते. पाळी जाईपर्यंत बायकांच्या हृदयाला निसर्गाचा थोडा आडोसा असतो, साखर तोसुद्धा काढून घेते. हे आज झालेलं नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चाललं असेल.”

अस्तर हा शब्द मास्तरांना बरोबर कळला. अस्तर झिजलं तरी कोट वरून नवा दिसतो. फाटतो तेव्हाच कळतं.

रात्री परगावाहून लेक आली. आईच्या पिशवीतलं यंत्र काढून तिने एक बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. यंत्राला जुने आकडे आठवतात, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

“बाबा, आई म्हणतेय आज एकशे अठ्ठावीस होती. इथे दोनशे एकाहत्तर आहे. काल दोनशे चौपन्न. परवा दोनशे ऐंशी.”

मास्तरांनी यंत्रासाठी हात पुढे केला, पण तिने ते दिलं नाही.

“तुम्ही वाचून सांगत होता ना?”

“ती घाबरायची गं.”

“आणि डॉक्टर? डॉक्टरही घाबरायचे का?”

मास्तरांना दुकानातला टेप आठवला. गिऱ्हाइकांच्या बाबतीत ते तोंडाने दोन इंच कमी सांगत, पण हाताने दोन इंच जास्त कापत. खोटं बोलून झाल्यावर ते भरून काढायला कापड असे. इथे त्यांनी नुसतंच कमी सांगितलं होतं.

लेक डोळे पुसून म्हणाली, “आईला सांगू नका आत्ता. सोसायचं नाही तिला.”

मास्तरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

पण चौथ्या दिवशी वेगळंच झालं. नर्स इन्सुलिनची सुई घेऊन आली, तर बायकोने हात पांघरुणात ओढून घेतला.

“नको मला. तुमचं यंत्रच बिघडलंय. आमच्याकडे पहिला दिवस सोडला तर आठ महिन्यांत एकशे चाळिसाच्या वर गेली नाही कधी. हे रोज मोजतात, विचारा ना! आणि घरी गेल्यावर त्या नव्या गोळ्याही मी घेणार नाही. भलत्याच माणसाचं औषध देताय तुम्ही मला.”

“आजी, सुई घेतली नाही तर पुन्हा—”

“सांगा हो हिला,” बायको मास्तरांकडे वळली. “तुमचं ऐकेल ती.”

लेक औषधं आणायला खाली गेली होती. मास्तर खाटेजवळ गेले.

“सुई घे,” ते म्हणाले. “यंत्र बिघडलेलं नाही. मीच खोटं सांगत होतो.”

“काय खोटं?”

“आकडा. दोनशेच्या खाली नव्हताच कधी.”

ती त्यांच्या चेहऱ्याच्या दिशेने बघत राहिली. तिला नीट दिसत नव्हतं, तरी बघत राहिली.

“रोज?”

“रोज.”

“लेकीच्या वाढदिवसाला मी साखरेचा चहा घेतला. दोन कप. तुम्ही समोर बसला होता.”

“हो.”

“मी विचारलंसुद्धा होतं, घेऊ ना म्हणून.”

मास्तर म्हणाले, “तू जेवत नव्हतीस. मला बघवेना.”

“घाबरले असते मी, चांगली घाबरले असते,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पण ती भीती माझी होती ना? तेवढी तरी मला वाटू द्यायची होती.”

मग तिने पांघरुणातून हात बाहेर काढून नर्सपुढे धरला.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. हृदयाचा जो भाग गेला तो परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. खोलीतल्या खोलीत चालायचं, जिना विसरायचा. ती मास्तरांशी भांडली नाही. जेवणाला हाक मारी, औषधाची वेळ झाली की पाणी मागून घेई. पण पहिल्याच सकाळी तिने यंत्राची डबी उचलली आणि भिंत धरत धरत शेजारच्या दाराकडे निघाली.

“अगं, मी बघतो ना,” मास्तर मागून म्हणाले.

“नको,” ती म्हणाली. “बाई वाचतील.”

मधला सज्जा दहा पावलांचा. ती दोनदा थांबली. दोन्ही दारं उघडी होती. शिक्षिकाबाईंचा वर्गातला आवाज मास्तरांना लख्ख ऐकू आला, “एकशे ब्याण्णव, वहिनी. उतरतेय हं. पण अजून जास्तच आहे.”

“लिहून ठेवा,” बायको म्हणाली.

मास्तरांनी दुकानातलं लाकडी स्टूल वर आणलं. सज्ज्यात, दोन दारांच्या बरोबर मध्ये मांडलं आणि डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. परत येताना तिची पावलं तिथवर आली आणि अडली. तिने हाताने चाचपून स्टूल ओळखलं. कुणी ठेवलं, हे विचारलं नाही. ती बसली.

मास्तर दारात उभे राहिले. तिचा श्वास वर-खाली होत होता. तो सावकाश शांत झाला. मग ती स्वतःची स्वतः उठली, डबी छातीशी धरली आणि त्यांच्या बाजूने आत गेली. तिला जायला जागा व्हावी म्हणून मास्तर भिंतीला चिकटून उभे होते.