अर्धा पूल

माझ्या लेकीला, कुंदाला, दमा आहे हे कळलं तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, धाप लागली की घरी छाती शेकत बसू नका, सरळ इकडे आणा. सरळ आणा म्हणायला त्यांचं काय जात होतं? आमच्या बेलटोल्याहून तुमसरला जायचं तर मधे नाला, आणि तो भरला की दिवस दिवस उतरत नाही. म्हणून भंडाऱ्याहून लग्न होऊन या गावात आलेल्या मी सगळ्यात जास्त कशावर जीव लावला असेल, तर नाल्याच्या दोन्ही काठांवर ठोकलेल्या लाल-पांढऱ्या खुंट्यांवर. पुलाची मोजणी झाली होती, आमदारानंच करवली होती. धुणं घेऊन गेले की आधी खुंट्या जागेवर आहेत ना, ते बघायची.

त्या खुंट्या मंडईपायी गेल्या.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, सोयरे येतात, दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ होतो. त्या वर्षी आमची आणि नाल्यापलीकडच्या सालेगावची मंडई एकाच दिवशी आली. आमदार आधी सालेगावला गेला आणि तिथल्या सरपंचाच्या, गोपाळरावांच्या मांडवात खेळ संपेपर्यंत मांडी घालून बसला. इकडे माझे सासरे पुंडलिकराव, गावचे सरपंच, यांनी त्याच्यासाठी तुमसरहून गादीची खुर्ची आणवली होती. तो तिच्यावर बसलाच नाही. उभ्या उभ्या चहाचा घोट घेतला, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि जीपमध्ये चढला. पुढच्या बाजारात सालेगावची माणसं आमच्या लोकांना विचारू लागली, "काय गा, यंदा तुमच्या खुर्चीनं भाषण केलं म्हणते?"

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ते जिव्हारी लागलं. नेमकं त्याच सुमारास मतदारसंघ नव्यानं आखायचं निघालं. कच्ची आखणी छापून आली, हरकत असेल त्यानं नागपूरच्या सुनावणीत सांगावी, असं होतं. आखणीत बेलटोला होता तिथंच होता, सालेगावच्या सोबत. मामाजींनी ठरवलं, यांच्या पंगतीत बसायचंच नाही. हद्द नाल्यावरून न्या आणि आम्हाला अलीकडच्या मतदारसंघात टाका, अशी मागणी करायची. कारण काय सांगायचं, तर आमचा बाजार, सोयरीक, दवाखाना सारं अलीकडे आहे. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी, पण सासऱ्यापुढे बोलायचं ते दाराआडूनच. तरी बोलले, की पूल याच आमदाराच्या हातचा आहे, आमदारच दुरावला तर तो कोण देईल.

"पूल सरकारचा रायते, सूनबाई," मामाजी म्हणाले. "आमदाराच्या बापाचा नाही. तुह्याच पुस्तकात असन ना."

होतं खरं पुस्तकात.

ट्रक भरून माणसं नागपूरला गेली. माझे यजमान चंद्रभान सोबत होते, त्यांनी आल्यावर सगळं सांगितलं. आमदार तिथं हजर होता. बेलटोल्याची मागणी ऐकून त्यानं हरकत घेतली नाही. लोकांची इच्छा मोडू नये, एवढंच बोलला, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना चहा पाजला. कसा घाबरला, म्हणून आमची माणसं परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये हसत आली. मला तो चहा खटकला. मागच्या निवडणुकीत बेलटोल्यानं त्याला मतं दिली नव्हती. गाव ते विसरलं होतं, तो कशाला विसरेल?

मागणी मान्य झाली. पक्की आखणी आली त्या दिवशी गावात डफ वाजला, मामाजींना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. गुलालाचा लोट ओसरीत आला आणि कुंदाला धाप लागली. मी तिला मागच्या कोठीत नेऊन दार लावलं. बाहेर लोक जिंकल्याचं ओरडत होते.

पंधरवड्यानं ओव्हरसियर आला आणि खुंट्या उपटून बैलबंडीत टाकू लागला. मी विचारलं तर म्हणाला, बाई, या आता सालेगावच्या डांबरी रस्त्याला लागतील, साहेबांचा हुकूम आहे. मामाजी तडक आमदाराकडे गेले. अजून पुढची निवडणूक व्हायची होती, तोवर आमदार आमचाच होता. तो अगदी गोड बोलला म्हणे. पुढच्या वेळी तुमचं मत मला कुठं आहे, पुंडलिकराव? तुमचा दवाखानाही अलीकडेच आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग मामाजी अलीकडच्या आमदाराकडे गेले. तो म्हणाला, तुम्ही अजून माझे झाले नाहीत, आणि झाले तरी नाल्याचा पलीकडचा काठ माझा नाही.

"अर्धा पूल बांधून देऊ का?" त्यानं विचारलं. मामाजींनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्यात टोमणा आहे, हे त्यांना सांगता सांगता कळलं.

पुढच्या वर्षी श्रावणात कुंदाचा श्वास पहाटेच अडला. मामाजींनीच तिला घोंगड्यात गुंडाळून नाल्यावर आणलं. पाणी झुडपांच्या शेंड्यांना लागलं होतं. पलीकडे सालेगावची बंडी जुंपून उभी होती, आमच्या हाका ऐकून गोपाळरावांनीच धाडली होती, पण इकडून तिकडे जाणार कसं? सासूबाई पोरीचे तळवे चोळत राहिल्या. मी तिच्या गळ्याखालचा खळगा बघत होते. तो आत जायचा आणि बाहेर यायला वेळ लावायचा. तिचे ओठ जांभळे पडले होते. उन्हं कलल्यावर पाण्याचा जोर कमी झाला, तेव्हा सोमाजी ढिवरानं मासेमारीचा डोंगा पाण्यात घातला आणि आम्हाला पार केलं. पोर वाचली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, शिकलेल्या ना तुम्ही, एवढा उशीर? काठावर मामाजी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरून खोली बघत होते, ते मी पाहिलं होतं. मला दया आली नाही.

त्यानंतर ते स्वतःच भंडाऱ्याला वकिलाकडे गेले, गाव परत जुन्या मतदारसंघात घालता येईल का विचारायला. आणीबाणी चालू होती. वकिलानं सांगितलं, आता घटनाच बदलली, दोन हजार सालानंतरची जनगणना होईस्तोवर कोणतीच हद्द हलणार नाही. मामाजींना ते पटेना. घरी येऊन त्यांनी मला समोर बोलावलं.

"दोन हजार म्हंजे किती लांब आहे, सूनबाई?"

"तोवर कुंदा आजच्या माझ्यापेक्षा मोठी झाली असेल, मामाजी," मी म्हणाले. "झाली तर."

सासूबाईंनी पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मामाजी उठून बाहेर गेले.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत निवडणूक आली. तेव्हा नाल्यात नुसती रेती असते. नव्या मतदारसंघातला उमेदवार जीप खाली रेतीत उतरवून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "याच्यात पाणी कुठं आहे गा? इथं पूल कायले पाहिजे?" चार माणसं हसली. मग आणखी हसली. मामाजींनी ती गादीची खुर्ची काढून चावडीपुढे ठेवली होती. उमेदवार तिच्यावर ऐसपैस बसला, हार गळ्यात ठेवून भाषण केलं, कुंदाचा गालगुच्चा घेतला. मामाजी छाती काढून उभे होते. तेवढा वेळ त्यांना नाल्याची आठवण नसावी.

त्याच आठवड्यात मी यजमानांना सांगितलं, पाऊस लागायच्या आत तुमसरला खोली बघा, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. त्यांनी खोली बघितली. वैशाखात सामान बंडीत भरताना मामाजींनी तांदळाचं पोतं स्वतः चढवलं, दोरी आवळली, गाठ मारली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाव मात्र इथल्याच यादीत राहू दे, सूनबाई," ते म्हणाले. "मत लागन."