माझ्या पडद्यावरच्या दोन भुजल्या

मित्रांनो, मी एक जुना कंप्युटर आहे. कोणत्या कंपनीचा, असं मात्र विचारू नका. माझा डबा एका घरचा, पडदा दुसऱ्या घरचा, आणि कळफलक असा की त्यावरची निम्मी अक्षरं लोकांच्या बोटांनी पुसून नेली आहेत. गोंदियाच्या बाजारात एका दुकानदाराने मला जमिनीवर मांडी घालून जुळवलं. एक स्क्रू कमी पडला तेव्हा त्याने तिथे आगपेटीची काडी खोचली आणि म्हणाला, "चलेगा." मी चाललो. रक्ताचं काही नातं नसलेले माझे सुटे भाग इतकी वर्षं एकमेकांना धरून आहेत, त्यामुळे माणसं एकमेकांना कशी धरून राहतात याचं मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

माझी उमेदीची वर्षं तांदळाच्या मिलमध्ये गेली. धानाच्या गाड्या काट्यावर चढायच्या आणि त्यांचं वजन माझ्या पडद्यावर उमटायचं. "मशीन झूठ नहीं बोलती," असं शेठजी गाडीवाल्यांना सांगायचे, आणि मी आतल्या आत फुगायचो. कोंडा इतका उडायचा की माझा पंखा दम्याच्या माणसासारखा घरघरायचा, पण मी कधी सुट्टी घेतली नाही. मग एक दिवस नवा कंप्युटर आला. काळा, पातळ, आवाज न करणारा. मी सुतळीच्या बंडलांवर जाऊन बसलो. माझा निरोपसमारंभ वगैरे झाला नाही.

मिलमध्ये पोती रचायला असलेल्या केशोरावांनी मला मागून घेतलं आणि गाडीला दोरीने बांधून चोरखमाऱ्याजवळच्या आपल्या गावी आणलं, मुलीसाठी. त्यांची बायको रुख्मा हिने मला कुंकू लावलं. मुलगी रीना हिने माझ्यावर नागझिऱ्याच्या वाघाचं चित्र लावलं. पण कौतुक फार टिकत नाही, मित्रांनो. रीनाच्या हातात मोबाईल आला आणि माझ्यावर जुनं लुगडं आलं. पुढे त्या लुगड्यावर वड्या वाळत घातल्या जाऊ लागल्या. मी वजनं सांगणारा, आता वड्यांचं वजन सोसत होतो.

या वर्षी रीनाची बारावी झाली. कॉलेज सुरू व्हायला वेळ होता आणि मोबाईल तिच्या हातून विहिरीच्या पायरीवर पडून फुटला होता. तिने लुगडं काढलं, ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं आणि मैत्रिणीकडून आणलेला एक खेळ माझ्यात घातला. गाव वसवायचा खेळ.

त्याचं असं असतं. एका रानात चार-पाच अनोळखी माणसं येऊन पडतात. कोणी नांगरू जाणतो, कोणी रांधू जाणतो, कोणाला दुसऱ्याचं सुख पाहवत नाही, कोणी जिथे बसेल तिथे गप्पा मारतो. त्यांना जगवायचं, घरं बांधून द्यायची. पण खरा खेळ त्यांच्या मनात चालतो, आणि तो हिशेब माझ्याकडे असतो. दोघं भेटली की बोलतात. गप्पा बऱ्या झाल्या तर एकाच्या मनात दुसऱ्याचं मोल थोडं वाढतं. टोमणा मारला तर घटतं. एका टेबलावर जेवली, एका वावरात राबली, आजारात कोणी पाणी दिलं, की पुन्हा चढतं. कोणाचं लग्न लागलं तर सगळं गाव आठवडाभर खूश, कोणी मेलं तर ज्याचा जीव होता तो कामावरून उठून भलतीकडेच चालू लागतो.

मला त्यात सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की दोन माणसांत नातं एक नसतं, दोन असतात. इकडून तिकडे एक आकडा, तिकडून इकडे वेगळाच. तराजूची दोन पारडी सारखी असतात असं मी मिलमध्ये शिकलो होतो. इथे ती क्वचितच सारखी असायची.

आणि आणखी एक. त्या माणसांना 'विहीर खण' म्हणता येतं, 'लाकूड तोड' म्हणता येतं, पण 'हिच्याशी गोड बोल' म्हणायला बटणच नाही. रीनाने ते फार शोधलं. सापडलं नाही. फार तर दोघांना जवळजवळचं काम देता येतं आणि जेवायला एक मोठं टेबल मांडून देता येतं. पुढचं ज्याचं त्याने.

रीनाने आपल्या माणसांना घरच्यांची नावं दिली. रुख्मा तांदूळ पाखडायला सूप घेऊन माझ्यासमोर बसायची, तिचं लक्ष गेलं.

"हे तुहे बाबूजी काय?" तिने विचारलं. "चुलीपाशी काऊन उभे हायेत?"

"सैपाकाचं काम त्यायलेच देलं मी."

"बरं केलंस. घरी तं पान्याचा गिलासबी उचलत नाई."

त्या दिवसापासून रुख्मा रोज येऊ लागली. नवऱ्याला रांधताना पाहायला, असं तिचं म्हणणं. पण तिचे डोळे दुसऱ्याच बाईवर असायचे. त्या बाईच्या डोक्यावर नाव होतं, लीला.

आता या लीलाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आणि रुख्मा एकमेकींच्या भुजली. आमच्याकडे श्रावणात भुजलीचा सण असतो. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब दोघी एकमेकींच्या कानामागे खोचतात आणि जन्माच्या भुजली होतात. त्यानंतर त्या एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. 'भुजली' म्हणायचं, बस्स. या दोघींनी परकर घालायच्या वयात कोंब खोचले होते.

गेल्या वर्षी रोवण्यात, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावताना, दोघींचं बिनसलं. तेव्हापासून बोलणं बंद. लीलाबाई रोवणाऱ्या बायांच्या पुढारीण. त्या जातील तिथे सगळ्या जातात, आणि त्या रुख्माच्या धानाच्या शेतात, तिच्या बांधीत, यायच्या थांबल्या. या वर्षी तलावाचं पाणी सुटलं, बांधीत चिखल झाला, आणि पऱ्हे, म्हणजे ती लावायची रोपं, वाफ्यात वाढत सुटली. वेळेवर लावली नाहीत तर ती तिथेच कांडं धरतात आणि मग लावून उपयोग नसतो. केशोराव बोलवायला जाऊन आले. लीलाबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "बोलावनं बांधीवालीचं येऊ द्या, भाऊजी." रीना आईला रोज म्हणायची, "माय, जा ना, माफी माग." रुख्मा रोज सूप अधिक जोरात पाखडायची.

एका दुपारी ते सूप थांबलं.

"तुह्या खेळातली ते बाई," रुख्मा म्हणाली, "माह्याबद्दल काय म्हणते?"

"माय, ते खेळातली हाय."

"मालूम हाय मले. सांग."

रीनाने पडद्यावर बोट ठेवलं. "तिच्या मनात तुह्यासाठी उणे बारा. म्हणजे नाराज हाय."

"अन् माह्या मनात?"

"अधिक एकतीस."

रुख्माने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हणजे मी धरून बसली, अन् तिनं सोडून देलं."

"खाली कारन लिवलं हाय पाय. रुख्मानं अपमान केला."

"याले कोनं सांगतलं?" रुख्माने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझा पंखा अडखळला.

मित्रांनो, मला कोणीच सांगितलं नव्हतं. खेळात कोण कोणाला कधी काय बोलेल ते फासे टाकल्यासारखं पडतं, आणि ते तसं पडलं होतं इतकंच. पण मला तोंड नाही, म्हणून मी नुसता घरघरत राहिलो.

"मले वाटलं मावशी हळू रोवते म्हणालीस म्हणून रुसली," रीना म्हणाली.

"हळू म्हणलं म्हणून रोवणारीन रुसते काय?" रुख्माने सूप खाली ठेवलं. "पानी चढून राहिलं होतं, वरून ढग, अन् ते धुऱ्यावर उभी राहून कोनाशी तरी बोलत होती. माह्या तोंडातून निघालं, 'लीले, हात चालव.' नाव घेतलं मी तिचं. साऱ्या बायांसमोर. भुजलीचं नाव."

रीना आतापर्यंत आईला हुकूम सोडत होती. आता तिने कळफलकावरचा हात काढून घेतला.

रुख्मा पडद्यावर वाकली. "उणे बाराच दाखवते काय हे रोज?"

"परवा उणे वीस होतं. उतरून राहिलं."

"कायनं?"

"दिवस गेले म्हणून. अन् रोज एका टेबलावर जेवतेत ना त्या, म्हणून."

"इथं तं वरीस झालं. काई उतरलं नाई."

"तुमी वरीसभर एका बांधीत कुठं होत्या, माय?"

रुख्माने पडद्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "ते नाव पुस तिच्या डोक्यावरचं. मले पाहावत नाई."

रीनाने 'लीला' पुसलं आणि तिथे 'भुजली' लिहिलं. रुख्माने पाहिलं, आणि म्हणाली, "अन् माह्यावर? मीबी तिची भुजलीच हावो." तेव्हा तिथेही भुजली झाली. त्या संध्याकाळी रीनाने एका भुजलीला लाकडं तोडायला सांगितलं आणि जखमी होऊन झोपलेली दुसरीच उठून चालू लागली. मला हिशेबात काही अडचण आली नाही, पण रीनाला आली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी घरातच होतो, बांधीत मला कोण नेणार? रीना आईच्या मागे गेली होती, तिने जेवताना केशोरावांना जे सांगितलं ते मी ऐकलं.

सकाळी लीलाबाईंची टोळी हेमराज नावाच्या शेजाऱ्याच्या बांधीत रोवत होती. रुख्मा बांधीच्या कडेला, धुऱ्यावर पोचली. बाया रोवता रोवता गाणं म्हणत होत्या, ते तुटलं. रुख्माने माफी मागितली नाही. लुगडं खोचलं, धुऱ्यावरची पऱ्ह्यांची एक जुडी उचलली, चिखलात उतरली आणि लीलाबाईंच्या अगदी बाजूला रांगेत उभी राहून वाकली. दुसऱ्याच्या बांधीत, न बोलावता.

नुसता पाण्यात हात जाण्याचा आवाज. अर्धी बांधी झाली. रीना धुऱ्यावर उभी होती, आणि तिने आपल्या पायाच्या बोटाने धुऱ्याची माती उकरून काढली होती इतकी ती घाबरली होती. लीलाबाई उठून दुसऱ्या टोकाला गेल्या असत्या तर पुन्हा कुठलं टेबल मांडायचं, तिला माहीत नव्हतं.

मग लीलाबाईंनी हात लांब केला. रुख्माने नुकतीच लावलेली दोन रोपं उपटली आणि पुन्हा, नीट लावली.

"भुजली," त्या खालीच पाहत म्हणाल्या, "इतकं खोल काऊन खुपसून राहिली? धान लावून राहिली का खांब गाडून राहिली?"

बायांमध्ये खसखस पिकली. रुख्मा वाकलेलीच राहिली. रीना म्हणते, तेव्हा ती रडत होती. रुख्मा म्हणते, घाम होता.

"वरीसभर हात नाई लागला चिखलाले," रुख्मा म्हणाली. "माह्यानं चुकलं, भुजली."

"दिसून राहिलं. रांग तं पाय कशी वाकडी गेली." लीलाबाईंनी जुडीतून रोपं वेगळी करून तिच्या हातात दिली. "तुहे पऱ्हे कसे हायेत?"

"गुडघ्याले लागाले आले."

"मंग आता येऊन राहिलीस काय?" त्या बायांकडे वळल्या. "उद्या हिच्या बांधीत, वो. शेंडे खुडून लावा लागन."

हे ऐकून केशोरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि एक मोठा श्वास सोडला. मी त्या घरात आल्यापासून त्यांना असा श्वास सोडताना ऐकलं नव्हतं. मग ते उठले आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा गिलास भरून घेतला. बायकोलाही एक दिला. रुख्मा आणि रीना एकमेकींकडे पाहत राहिल्या.

रुख्माचा रोवणा झाला. बांधी हिरवी झाली, असं सगळे म्हणतात. शेवटच्या दिवशी लीलाबाई घरी आल्या, पायांवर अजून चिखल. रीनाने मोठ्या हौसेने मला चालू केलं. "मावशी, पाय, तुमी दोघी यात हाव. आकडा दाखवतो तुले."

"कायचा आकडा?" लीलाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. कारण रुख्माने पोह्यांचं ताट मांडलं होतं, एकच, दोघींच्या मध्ये.

मग त्या बोलत बसल्या. वर्षभराचं साचलेलं होतं. कोणाची सून माहेरी राहिली, बोदलकशाच्या तलावातल्या मासोळ्या यंदा कशा लहान, कोणाच्या म्हशीला पारडू झालं. माझ्या पडद्यावर दोन्ही भुजल्यांचे आकडे चढत होते, पण ते पाहायला कोणी नव्हतं. रीनासुद्धा ताटाशी जाऊन बसली होती. मित्रांनो, मला मिलच्या कोपऱ्यात विसरले होते, वड्यांच्या खाली विसरले होते, तेव्हा मी रुसलो होतो. त्या दुपारी विसरले तेव्हा मात्र माझा पंखासुद्धा हलका फिरू लागला.

तेव्हा तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल तर त्याच्या पंख्यातली धूळ अधूनमधून फुंकून काढा, त्याच्या डोक्यावर वड्या घालू नका, आणि बंद करताना वायर ओढू नका, बटण दाबा. त्याच्याशी खेळाही, भरपूर खेळा. पण तुमचं कोणाशी बोलणं थांबलं असेल तर त्याचा आकडा आमच्याकडे शोधत बसू नका. तो माणूस जिथे काम करत असेल तिथे जा, त्याच्या बाजूला वाका आणि हात लावा. तेवढ्या वेळात मी इथे चालूच राहतो, माझी काही घाई नाही.