दमलेला कुत्रा

तिसरीच्या बाईंना उत्साह दांडगा. पुस्तक दिसलं की मुलं जांभया देतात म्हणून त्यांनी भिंतभर कापसाचा बर्फ चिकटवला आणि कुत्रे ओढतात त्या घसरगाड्यांची शर्यत सुरू केली. प्रत्येक मूल म्हणजे एक कागदी कुत्रा, पाच कुत्र्यांची एक गाडी, सगळे एका दोरीला. पाचही जणांनी मोठ्यानं पान वाचलं की गाडी पुढच्या मुक्कामावर.

हा सगळा खटाटोप खरं तर एकटीसाठी होता, पिटुकलीसाठी. वर्षअखेर तिला उतारा वाचता आला नाही तर तिला दूरच्या वेगळ्या शाळेत धाडायचं, असं मुख्याध्यापकांनी तिच्या आईला सांगून टाकलं होतं. आणि शर्यतीच्या नादानं पोरगी खरंच वाचायला लागली होती. अडखळायची, पण ओळ पुरी करायची.

घोडं अडलं ते दमलेल्या कुत्र्यापाशी. बाईंनी सांगितलं, "कुत्रा दमला तर त्याला मारत नाहीत. मुक्कामावर सोडतात, पांघरूण घालतात, पाणी देतात. बाकीचे पुढे जातात. सोडलेल्याला त्या शर्यतीत परत घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाई खडू आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर पिटुकली कोपऱ्यात सतरंजीवर, अंगावर कुणाचा तरी स्वेटर, पुढ्यात डब्याच्या झाकणात पाणी. तिचा कुत्रा दोरीतून सोडलेला.

"बाई, ती दमली होती," तिच्या गाडीतली चौघं म्हणाली. एकीनं तिच्या डोक्यावरून हातही फिरवला. आता रागवायचं कुणावर? शिकवलेलंच तर केलं होतं पोरांनी, तेही किती मायेनं!

बाईंनी कुत्रा पुन्हा बांधला. "चल गं, वाच बघू."

"सोडलेल्याला त्याच शर्यतीत परत घेतात?"

घेत नाहीत. बाईंनीच तसं सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "आपल्या शर्यतीत घेतात."

"खोटं." तिनं कुत्रा सोडवला, कोपऱ्यात चिकटवला आणि त्यावर आपला रुमाल पांघरला.

त्यानंतर तिनं पुस्तक उघडलं नाही. बाईंनी गोंजारलं, बाई रागावल्या, एकदा तिच्यासमोर रडल्यासुद्धा. परीक्षेला मुख्याध्यापकांनी उतारा पुढे ठेवला, तो तिनं नीट घडी करून परत दिला.

"मी दमलेय," ती शहाण्यासारखं म्हणाली. "मला सोडा. बाकीच्यांना जाऊ द्या."

आई न्यायला आली तेव्हा चौघं दारापर्यंत गेली. त्यांनी तिची पाण्याची बाटली काठोकाठ भरून दिली.