डबा रिकामा जाऊ नये

श्यामसुंदररावांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली होती. समोर येईल त्यात खोट काढणं हे त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते बिनपगारी चालू ठेवलं होतं. तेव्हा चर्चचं सेवापथक त्यांच्या दारात आलं, ते आपल्या पायांनी तपासणीलाच आलं म्हणायचं.

पथक म्हणजे निवृत्त नर्स आनंदीबाई आणि आयटीतला राजस. आसपासच्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, औषधं आणून द्यायची, कुणाला हवी असेल तर प्रार्थना करायची, असा त्यांचा दर बुधवार-शनिवारचा नेम.

“काका, काकूंसाठी प्रार्थना करू का?” राजसने विचारलं.

“प्रार्थना घरी बसून होत नाही का? त्यासाठी दोन जिने कशाला चढलात?”

“प्रार्थना घरी बसून होते हो,” आनंदीबाई म्हणाल्या. “खिचडी पोचत नाही.” आणि त्यांनी डबा पुढे केला.

श्यामसुंदरराव नकोच म्हणणार होते. तेवढ्यात आतून कौशल्याबाईंचा आवाज आला, “अहो, दारात आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये.” महिन्याभरात बायको आपणहून बोलली ती पहिल्यांदाच. त्यांनी मुकाट्याने डबा घेतला.

कौशल्याबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, त्याला अडीच महिने झाले होते. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर आणला. डॉक्टरांनी बजावलं, आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. बाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि काही विचारलं तर एवढंच म्हणायच्या, “पुरे झालं आता.” ते ऐकलं की श्यामसुंदरराव उगाच वॉकरचे स्क्रू तपासत बसायचे. जन्मभर दारूगोळ्यात वावरलेला माणूस, पण इतका कधी घाबरला नव्हता. आणि सांगणार कुणाला? जिला सांगायचं तीच पाठ करून पडलेली.

खिचडी संपली, डबा घासून झाला. पण कुणाचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही घरची रीत. श्यामसुंदररावांनी त्यात मूठभर साखर घालून शनिवारी तो परत दिला आणि त्यांना वाटलं, सुटलो.

तिथेच चुकलं. आनंदीबाई चर्चला जात असल्या तरी संगमनेरच्या होत्या; डबा रिकामा न पाठवण्याची रीत त्यांच्याही घरची. बुधवारी तोच डबा मटकीची उसळ घेऊन हजर. “साखर दिलीत, आता आम्ही हात हलवत कसं यायचं?” त्या म्हणाल्या. उसळीला पुन्हा साखर, साखरेला पिठलं, पिठल्याला पुन्हा साखर. तीन आठवडे हा सामना रंगला. कुणी हार मानेना.

चौथ्या शनिवारी अंथरुणातून शेरा आला, “आजही साखरच? त्या बाईंना दुकान टाकायचंय का? लोक म्हणतील, या घरात चूलच पेटत नाही.”

हे मात्र लागलं. आजवर खाणावळीच्या जेवणावर भागवणाऱ्या श्यामसुंदररावांनी आयुष्यात पहिल्यांदा कढई चढवली आणि शिरा करायला घेतला. रवा आधी हट्टाने पांढराच राहिला, मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काळा झाला. पाणी ओतल्यावर सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. त्यांनी चमचाभर चाखला, डोळे मिटून गिळला आणि डब्यात भरला. एकतीस वर्षांत नापास माल त्यांनी पहिल्यांदाच पास केला.

बेल वाजली. मंडळी आत आली आणि नाकाला रुमाल लावावा की नाही, या विचारात पडली.

“अहो, काय करपलं?” आतून आवाज आला.

“काही नाही. शिरा आहे. यांच्या डब्यात भरलाय.”

“हा? हा त्यांच्या घरी जाणार?”

“हो.”

“तिथे चार माणसांच्या पानात वाढणार?”

“वाढतील की.”

आत पलंग करकरला. मग वॉकरचा खडखडाट ऐकू आला. केस विस्कटलेले, गाऊन चुरगळलेला, पाय लटपटताहेत, अशा अवतारात कौशल्याबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. आनंदीबाई झटकन पुढे झाल्या आणि अंगाला हात न लावता, तोल गेलाच तर सावरायला त्यांच्या पाठीमागे हात धरून त्यांच्यासोबत चालल्या. ओट्यापर्यंत सात पावलं होती. श्यामसुंदररावांनी ती श्वास रोखून मोजली.

“ठेवा तो डबा खाली,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “नाव माझं जाईल. तूप किती घातलंत?”

“तूप घालायचं असतं?”

बाईंनी कपाळावर हात मारला, पण वॉकरवरचा दुसरा हात सुटू दिला नाही.

“काका,” राजस हळूच म्हणाला, “प्रार्थना ऐकली देवाने.”

“प्रार्थना कसली? माझ्या शिऱ्याने उठली ती.”

“बरोबर आहे,” आनंदीबाई म्हणाल्या. “आणि शिरा कुणाच्या डब्यासाठी केलात?”

श्यामसुंदररावांनी यात खोट शोधली. सापडली नाही. ते भिंतीकडे तोंड करून पंच्याने डोळे पुसत राहिले.

“अहो, तिकडे तोंड करून काय उभे राहिलात?” कौशल्याबाई म्हणाल्या. “हात धुवा आणि वरच्या फळीवरचा रवा काढून द्या. माझा हात पोचत नाही.”