बर्फमावशीचे नऊ सेकंद

भिंगरीने आजवर इतकी जपून कुठलीच वस्तू नेली नव्हती. चार रेकॉर्ड कापडी पिशवीत, पिशवी छातीशी घट्ट, आणि बसमध्ये शेजारी टेकायला येणाऱ्याकडे अशी नजर, की दोघा जणांनी आपणहून उभं राहणं पसंत केलं. तिसऱ्या बाई मात्र बसल्याच.

"काय गं, काच आहे का आत?"

"काचेहून नाजूक. मामाचा जीव आहे."

बाई जरा सरकून बसल्या.

यात फार काही खोटं नव्हतं. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचा आणि रविवारी संध्याकाळी पाचला शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर जाऊन अर्धा तास आपल्या घरच्या रेकॉर्ड वाजवायचा. ब्लूज, म्हणजे शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, गाणारे, वाजवणारे आणि त्यातही कॅनडातले कलाकार, ज्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतील. एकोणीस वर्षं एकही रविवार चुकला नव्हता. मग घशाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नंतर आवाज कसा असेल, असं मामीने विचारलं तेव्हा डॉक्टर नुसतंच पेनचं टोपण लावत-काढत राहिले.

तेव्हापासून घरात एक पाटी आली होती. पाटी हाताशी नसेल तर मामा बोटाने टकटक करायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मामी म्हणायची, "संसाराची इतकी वर्षं याचं बोलणं मला कळलं नाही, आता टकटक कळते बघ!"

दोन रविवार केंद्रावर मामाचे जुने भाग लावले गेले. मग केंद्रप्रमुख मॅडमचा फोन आला. कुणी बोलणारं असेल तर पाठवा, नाहीतर ती वेळ मी प्रश्नमंजूषेला देऊन टाकते. मामाने पाटीवर 'देऊ दे' लिहिलं. लिहिताना खडू मोडला.

"मी जाते," भिंगरी म्हणाली.

गेल्या वर्षीची भिंगरी असती तर पडद्यामागे लपली असती. पण मागच्याच महिन्यात शाळेच्या वादविवादात तिने अकरावीच्या दोन दांडगट मुलांची बोलती बंद केली होती. तेव्हापासून आपल्याला आवाज आहे हा शोध तिला इतका आवडला होता, की घरातले बाकीचे जरा दमून गेले होते.

मामा तिच्याकडे बघत राहिला. भिंतीवरची सगळी घड्याळं आळीपाळीने वाजून घेतल्यासारखा वेळ गेला. मग टेबलावर टक.

आणि आज तो रविवार होता. 

रेडिओ केंद्र म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत माईक, दोन टर्नटेबल आणि भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम. दुसऱ्या खोलीत काचेपलीकडे यंत्रं, आणि यंत्रांपुढे रेकॉर्डिंगकाका, ज्यांचा स्वेटर आणि खुर्ची एकाच वयाची असावीत. काकांनी हेडफोन तिच्या डोक्यावर बसवले आणि टेबलावरच्या छोट्या दिव्याकडे बोट केलं.

"हा लाल दिवा बघून ठेव. सात सेकंद शांतता झाली की हा पेटतो. दहा झाले की यंत्र आपणहून जाहिरातींची टेप सुरू करतं. माझ्याही हातात राहत नाही."

"मग?"

"मग कार्यक्रम पडला, अशी नोंद होते. आणि मॅडम आज त्याचीच वाट बघतायत." काकांनी आवाज खाली आणला. "म्हणजे वाईट नाहीत त्या. त्यांना प्रश्नमंजूषा आवडते, एवढंच."

मॅडम काचेपलीकडे येऊन बसल्या. मांडीवर वही, वहीवर पेन. भिंगरी हसली. मॅडमनी घड्याळात बघितलं.

पाच वाजले.

"नमस्कार मंडळी! मी मामाची भाची. मामाचा घसा सध्या विश्रांतीला गेलाय, म्हणून आज माझा घसा आलाय!"

पहिलं वाक्य गेलं. मग ती सुटलीच. मामाने आपल्या सगळ्या लाडक्यांना घरगुती नावं ठेवली होती, तीच तिने सांगितली. पहिला घोगरा. याचा आवाज पत्र्यावरून लोखंडी खाट ओढल्यासारखा, पण तिसऱ्या ओळीला असा मऊ होतो, की त्याला कुणीतरी पाणी आणून दिलं असावं. दुसरा काचबोट्या. कॅनडातल्या एका लाकडाच्या वखारीत दिवसभर राबायचा आणि संध्याकाळी बोटात बाटलीच्या गळ्याचा तुकडा घालून गिटारच्या तारांवरून घसरवायचा. तिसरा फुंकर, तोंडाचा बाजा म्हणजे माउथऑर्गन वाजवणारा, जो दोन फुंकरींच्या मध्ये श्वास कधी घेतो हे मामाला अजून सापडलं नव्हतं.

"आणि शेवटी," ती म्हणाली, "जिच्यासाठी मामा अख्खा आठवडा घड्याळं उघडतो, ती आमची बर्फमावशी! तिची एकच रेकॉर्ड निघाली. कॅनडातल्या कुठल्याशा गोठलेल्या गावात, एका खोलीत, एका रात्रीत. मामा म्हणतो, ब्लूज उन्हात राबणाऱ्यांचा, पण हे बर्फातले लोक दोन ओळींच्या मध्ये जास्त थांबतात. थंडीत माणूस दार उघडायला वेळ लावतो ना, तसं. ती रेकॉर्ड मी आणलीये. ऐकल्याशिवाय कुठे जाऊ नका!"

घोगरा वाजला. काचबोट्या वाजला. काकांनी काचेतून अंगठा वर केला. मॅडमनी अजून वहीत काही लिहिलं नव्हतं. फुंकर सुरू झाला, आणि चार मिनिटं हाताशी आहेत म्हणून भिंगरीने बर्फमावशीचं जाडजूड घडीचं कव्हर पुढे ओढलं आणि रेकॉर्डचं आतलं कागदी पाकीट बाहेर काढलं.

पाकीट रिकामं, सपाट होतं.

तिने कव्हर उघडलं. एका कप्प्यात माहितीची जाड पुस्तिका. दुसऱ्या कप्प्यात काहीच नाही. तिने कव्हर हलवलं. टेबलाखाली बघितलं. पिशवी उलटी केली, त्यातून बसचं तिकीट पडलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि मग तिला एकेक आठवत गेलं. रेकॉर्ड वाजत असली की मामा तिचं कव्हर कपाटासमोरच्या लाकडी घोडीवर उभं करायचा, देवाचा फोटो ठेवावा तसं. दुपारी ती रेकॉर्ड घ्यायला आली तेव्हा औषधाच्या गुंगीत मामा खुर्चीत झोपला होता. टर्नटेबलवर मामीने फडकं टाकलं होतं. घोडीवर बर्फमावशीचं कव्हर होतं. तिला वाटलं, मामाने आपल्यासाठीच काढून ठेवलंय! आणि आत बघायचं म्हणाल, तर मामाचा पहिला नियम तिला पाळण्यातच शिकवला होता. कव्हरमधून निघालेली रेकॉर्ड थेट टर्नटेबलवर जाते, मध्ये कुठेही नाही. उगाच काढून बघायची नाही, बोटं लागतात, धूळ बसते. नियम पाळला होता तिने. शंभर टक्के पाळला होता! रेकॉर्ड घरी फडक्याखाली होती आणि ती जगातला सर्वांत जपलेला रिकामा पुठ्ठा घेऊन इथे बसली होती.

काका दार ढकलून आत आले. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असावं.

"घरून कुणी घेऊन येईल?"

"बसला चाळीस मिनिटं लागतात."

"मग घोगऱ्याची दुसरी बाजू लाव. कुणाला कळतंय?"

"मामाला!"

 काकांनीच टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. ती घरी काय सांगणार होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. निदान मामाने रेडिओ बंद करावा, एवढं तरी. तिने नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. मामीची बहीण! आजच, आत्ताच मामीच्या बहिणीला तासभर बोलायचं होतं! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. एंगेज. तिकडे फुंकर शेवटच्या फेरीला आला होता. 

"ठेव आता. वीस सेकंद." काका आपल्या खोलीत पळाले.

तिने फोन ठेवला. फुंकरने शेवटची फुंकर मारली. माईकचा दिवा हिरवा झाला.

भिंगरीने तोंड उघडलं. वादविवादात पाठ केलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. काचेपलीकडे मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

एक. दोन. तीन. चार.

"मंडळी," ती म्हणाली, आणि आवाज घोगऱ्याच्या वरताण निघाला, "माझ्याकडे कव्हर आहे. रेकॉर्ड नाहीये."

बोलून टाकल्यावर थांबणं धोक्याचं होतं, म्हणून ती बोलतच राहिली. "रेकॉर्ड घरी राहिली. मामाची चूक नाही, माझी आहे. मामा ऐकतोयस ना, सॉरी. एकोणीस वर्षांत तू असं कधी केलं नाहीस आणि मी पहिल्याच दिवशी केलं. कव्हरवर बर्फमावशी आहे, ती कोट घालून पायरीवर बसलीये आणि गिटार कोटाच्या आत घेतलीये, ती गारठू नये म्हणून. गाणं असं सुरू होतं, की आधी ती पायाने ठेका धरते, लाकडावर, आणि मग..."

फोनचा दिवा लुकलुकायला लागला.

काकांनी पलीकडून फोन उचलला. त्यांचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये आला, "कुणी बोलत नाही गं. नुसता श्वास येतोय. ठेवतो."

"काका, नका ठेवू!" हे थेट रेडिओवर गेलं. "इकडे द्या. सगळ्यांना ऐकू दे."

काकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम काही बोलायच्या आत त्यांनी बटण वर सरकवलं होतं.

"मामा?"

टक.

 आपण घरी फोन लावत होतो आणि मामा इकडे लावत होता, म्हणून घरचा फोन एंगेज होता, हे तिला आत्ता कळलं. बर्फमावशीची पाळी जवळ आली तशी त्याची नजर रिकाम्या घोडीवर गेली असेल, त्याने फडकं उचललं असेल, आणि तेव्हापासून तो मुका माणूस फोन फिरवत बसला असेल.

"मामा, लावतोस?"

टक. मग खरखर. मग लाकडावर पायाचा ठेका.

फोनच्या तारेतून बर्फमावशी इतकी बारीक झाली होती, की दूर कुठल्यातरी बंद खोलीतून गात असावी. गिटारच्या खालच्या तारा पार गळून गेल्या होत्या. पण आवाज तोच, न विनवणारा, कुणाकडे काही न मागणारा. भिंगरीने डोळे मिटले. पहिलं कडवं. दुसरं. आणि तिचे डोळे खाडकन उघडले.

तिसऱ्या कडव्याआधी बर्फमावशी थांबते!

घड्याळवाल्या मामाने ते सेकंदकाट्यावर मोजलं होतं. नऊ सेकंद. दरवेळी सांगायचा, "या नऊ सेकंदांसाठी रेकॉर्ड घ्यावी. बाकी गाणं फुकट आहे." इथे मामा ती टर्नटेबलवर लावायचा, तेव्हा रेकॉर्डची खरखर तरी रेडिओवर जायची आणि यंत्राला ती पुरायची. फोन मात्र हलके आवाज गिळून टाकतो.

गिटार थांबली. ओळ संपली. काहीच उरलं नाही.

एक. दोन. फोन कटला तर नाही? तीन. विचारायला तोंड उघडलं तर यंत्र थांबेल, पण मग हे नऊ सेकंद मोडतील. चार. मॅडम उठून उभ्या राहिल्या. पाच. भिंगरीने ओठ दातांखाली धरले. सहा. काकांचे दोन्ही हात हवेत. सात, आणि लाल दिवा पेटला. मॅडमनी दाराला हात घातला. आठ. मामा, आहेस ना? नऊ.

लाकडावर पाय आपटला आणि बर्फमावशी गायला लागली.

लाल दिवा विझला. काका खुर्चीत असे बसले, की खुर्ची ओरडली. मॅडम दाराशीच थांबल्या होत्या आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

"मामा," भिंगरी म्हणाली. घड्याळात पंधरा सेकंद उरले होते. "मी वाट लावली ना रे कार्यक्रमाची?"

टक. आणि ती श्वास रोखते तोच, टक.

साडेपाच वाजले. हिरवा दिवा गेला. मॅडम आत आल्या, त्यांनी बर्फमावशीचं कव्हर उचललं, आत डोकावून बघितलं, पुन्हा मिटलं.

"पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, "आत बघून आण."

"हो. म्हणजे... पुढच्या?"

"आणि ती शांतता आधी सांगायची असते, मुली. माझा जीव जायचा राहिला." वही काखेत मारून त्या गेल्या. पान कोरंच होतं.

 काकांनी फोन तिच्याकडे दिला. पलीकडून अजून आवाज येत होता, रेकॉर्डच्या शेवटच्या रेघेत सुई गोल गोल फिरत असल्याचा, खस, खस, खस.

"मामा, सुई उचल ना!" ती ओरडली. "झिजतेय ती!"

टक.